पत्रक विद्यार्थ्यांचं, झेरॉक्स कॉलेजचं

९ नोव्हेंबर २०१६. आदल्या रात्री डोनाल्ड ट्रम्प निवडून आले होते आणि अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांवर सुतकी कळा पसरली होती. ओहायो राज्यातल्या ओबरलिन गावात, कॉलेजला लागूनच असलेल्या गिब्सन बेकरीत त्या दिवशी एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आला. दारू विकत घ्यायला तिथे २१ वर्षं पूर्ण लागतात, त्याची नव्हती. त्याने खोटं ओळखपत्र पुढे केलं. गल्ल्यावर मालकाचाच मुलगा होता. ओळखपत्र खोटं असल्याचं त्याने ओळखलं, आणि पोराच्या शर्टाखाली वाइनच्या दोन बाटल्या आहेत हेही त्याला दिसलं. फोटो काढायला त्याने मोबाइल उचलला, झटापट झाली, पोरगा पळाला, दुकानदार मागे धावला. रस्त्यापलीकडे आणखी दोघी विद्यार्थिनी भांडणात पडल्या. पोलीस पोचले तेव्हा, त्यांच्या अहवालाप्रमाणे, दुकानदार जमिनीवर पडला होता आणि तिघं त्याला मारत होते.

प्रकरण एवढंच. सहा वर्षांनी, २०२२च्या डिसेंबरात, बेकरीने लावलेल्या बदनामीच्या दाव्यात हरून ओबरलिन कॉलेजने तिला ३ कोटी ६५ लाख ९० हजार डॉलर चुकते केले. ही रक्कम चोरीची नव्हती. विद्यार्थ्यांनी दुकानासमोर दोन दिवस दिलेल्या घोषणांचीही नव्हती.

या खटल्याची गोष्ट सहसा दोन तऱ्हांनी रंगवली जाते. एका बाजूचे लोक म्हणतात, फार शहाण्या कॉलेजची जिरली. दुसरी बाजू म्हणते, पोरांनी निषेध केला म्हणून कॉलेजला बुडवलं. दोन्हीकडे घोषणा, फलक आणि जमाव यांचंच वर्णन असतं. कोर्टात मात्र चर्चा वेगळ्याच वस्तूंवर झाली: एक पानभर पत्रक, एक काचेची पेटी आणि रोजच्या पावाची ऑर्डर. बोलण्याचं स्वातंत्र्य कुठे संपतं आणि भरपाई कुठे सुरू होते हे समजून घ्यायचं, तर या तीन वस्तू हातात घेऊन बघाव्या लागतात.

गावाचा थोडा परिचय आधी हवा, कारण त्याशिवाय आरोपाची धार कळत नाही. ओबरलिन हे क्लीव्हलंडच्या नैऋत्येला असलेलं आठेक हजार वस्तीचं गाव. गाव आणि कॉलेज दोन्ही १८३३ सालची. १८३५ पासून इथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला, १८३७ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमात मुलींनाही. १८५८ मध्ये पळून आलेल्या एका गुलामाला पकडून नेलं जात होतं, तेव्हा इथल्या गावकऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी शेजारच्या वेलिंग्टन गावात जाऊन त्याला सोडवून आणलं होतं. असा वारसा अंगावर मिरवणाऱ्या गावात एखाद्या दुकानाला ‘वंशवादी’ म्हणणं म्हणजे नुसती शिवी नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या फुटपाथने जातं. आणि बेकरीही उपरी नव्हे. १८८५ पासूनची, एकाच घराण्याची.

पत्रक

घटनेच्या दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, बेकरीसमोर शेकडो विद्यार्थी जमले. घोषणा झाल्या, फलक झळकले. हातोहात एक पत्रकही फिरलं. त्यात काय होतं ते नीट वाचू. ‘इथून खरेदी करू नका’ असं ठळक आवाहन. हे दुकान वंशवादी आहे असं विधान. लगेच पुढे, वंश बघून लोकांना संशयित धरण्याचा आणि भेदभावाचा या दुकानाचा जुना इतिहास आहे, असं. आणि दुकानातल्या माणसाने आपल्यातल्या एका विद्यार्थ्यावर हल्ला केला, असंही.

चार वाक्यं. वाचताना ती एकाच सुरातली वाटतात, पण कायद्याच्या नजरेत ती एका जातीची नाहीत.

‘इथून खरेदी करू नका’ हे आवाहन. त्याला खरं किंवा खोटं म्हणताच येत नाही. बहिष्काराचं आवाहन अमेरिकेत भक्कमपणे सुरक्षित आहे, त्याकडे पुढे येतो. ‘वंशवादी’ हा शब्द एकटा वापरला तर तो बहुधा मत समजला जातो. कुणाला काय वंशवादी वाटतं याला मोजपट्टी नाही. मात्र ‘जुना इतिहास आहे’ म्हटलं की वाक्य बदलतं. इतिहास असतो किंवा नसतो. तक्रारी, पोलिसांच्या नोंदी, साक्षीदार काढून तो तपासता येतो. ‘हल्ला केला’ हेही तसंच. त्या दिवशी कोणी कोणाला मारलं हा तपासाचा विषय आहे, अभिरुचीचा नाही. शिवाय चार वाक्यं एकमेकांना चिकटून आली की ‘वंशवादी’ या शब्दालाही शेजारच्या वाक्याचा रंग चढतो. वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे काहीतरी पुरावा असणार.

मत आणि वस्तुस्थितीचं विधान यांत फरक करताना ओहायोची न्यायालयं चार गोष्टी बघतात: नेमके शब्द कोणते, ते तपासून बघता येतात का, मजकुराचा एकंदर सूर काय, आणि तो कुठे, कोणत्या प्रसंगी मांडला गेला. यातली दुसरी कसोटी सामान्य माणसाला सगळ्यात उपयोगी. वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारावं, हे खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ते मत नाही, मग त्याआधी कितीही वेळा ‘मला वाटतं’ लिहा.

हे ‘मला वाटतं’ प्रकरण गमतीचं आहे. पुष्कळांना ते चिलखत वाटतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९९० मध्येच उतरवून ठेवलं, आणि योगायोग असा की तो खटलाही ओहायोचाच. एका शाळेच्या कुस्तीच्या प्रशिक्षकाबद्दल वृत्तपत्राच्या स्तंभात लिहिलं गेलं की चौकशीत हा माणूस शपथेवर खोटं बोलला. वृत्तपत्राचं म्हणणं, स्तंभ म्हणजे मतच. न्यायालयाने सांगितलं की अमका खोटारडा आहे म्हणणं आणि ‘माझ्या मते अमका खोटारडा आहे’ म्हणणं, दोन्हींतून सारखंच नुकसान होऊ शकतं. मतामागे एखादी तपासता येणारी गोष्ट गृहीत धरली असेल तर ती खरी असायला हवी. खटल्याचं नाव मिल्कोविच विरुद्ध लोरेन जर्नल. ओबरलिन ज्या परगण्यात येतं त्याचंही नाव लोरेनच.

गिब्सन खटला ज्यूरीपुढे जायच्या आधीच न्यायाधीश जॉन मिराल्डी यांनी ही चाळणी लावली. रस्त्यावरच्या तोंडी घोषणा त्यांनी बाजूला काढल्या. त्या मत आहेत, त्यांच्यावर दावा चालणार नाही. उरलं लेखी: पत्रक, आणि त्याच आरोपांचा विद्यार्थी सिनेटने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या संस्थेने, केलेला ठराव. बातम्यांच्या मथळ्यांत ही चाळणी हरवली, आणि ‘घोषणा दिल्या म्हणून कोट्यवधींचा भुर्दंड’ असा समज रूढ झाला तो इथूनच.

दोन खासगी पक्षांत घटना कुठून आली

इथे एक शंका येणं साहजिक आहे. अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती बोलण्याचं स्वातंत्र्य देते ते सरकारपासून. ओबरलिन खासगी कॉलेज, बेकरी खासगी दुकान. दोघांच्या भांडणात घटना कशाला?

उत्तर १९६४ सालच्या एका निकालात आहे. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराचे आयुक्त सलिव्हन यांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या एका जाहिरातीवरून न्यूयॉर्क टाइम्सवर दावा ठोकला. जाहिरातीत बारीकसारीक चुका होत्या. अलाबामाच्या ज्यूरीने पाच लाख डॉलरची भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण असं, की दावा खासगी असला तरी भरपाईचा हुकूम न्यायालय देतं, वसुली सरकारी यंत्रणा करते, म्हणजे बोलणाऱ्यावर सत्तेचाच हात पडतो. त्यामुळे बदनामीच्या कायद्यालाही घटनेची चौकट पाळावी लागते.

त्या निकालाने सत्तेवरच्या माणसांसाठी पट्टी खूप वर नेली. त्यांना भरपाई हवी असेल तर समोरच्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं, किंवा खरं-खोटं काय याची मुळीच पर्वा केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. चूक झाली, एवढं पुरत नाही. पुढे १९७४ च्या गर्ट्झ निकालाने सांगितलं की सामान्य खासगी माणसासाठी राज्यांना ही पट्टी खाली ठेवता येईल. ओहायोत खासगी माणसाला समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवला तरी पुरतं. मात्र लोकांच्या हिताच्या विषयावर बोलताना झालेल्या बदनामीत दंडात्मक भरपाई हवी असेल तर तीच वरची पट्टी परत लागू होते.

म्हणून या खटल्यात बराच वेळ एका प्रश्नावर गेला: गिब्सन कुटुंब सार्वजनिक व्यक्ती की खासगी? कॉलेजचं म्हणणं, गावातलं शंभराहून अधिक वर्षांचं नावाजलेलं दुकान, वादाच्या केंद्रस्थानी, ते कसले खासगी? न्यायालयाला ते पटलं नाही. दुकान सगळ्यांना माहीत असणं वेगळं, आणि एखाद्या सार्वजनिक वादात आपणहून उडी घेणं वेगळं. वाद दुसऱ्यांनी अंगावर आणला आणि मग ‘बघा, हे वादग्रस्त आहेत’ म्हणायचं, हे चालणार नाही. मला हा भाग निकालातला सगळ्यात पक्का वाटतो. नाहीतर ज्याच्यावर आरोप होतो तो प्रत्येक जण आरोपामुळेच सार्वजनिक ठरेल.

हात कुणाचे

आता खरा पेच. पत्रक लिहिलं विद्यार्थ्यांनी, ठराव केला विद्यार्थ्यांच्या सिनेटने. मग कॉलेज कचाट्यात कसं सापडलं? कॉलेज काही विद्यार्थ्यांचा पालक नाही. विद्यार्थी सज्ञान असतात, त्यांच्या बोलण्याला तेच जबाबदार. अपील न्यायालयानेही निकालात स्पष्ट केलं की प्रश्न विद्यार्थ्यांच्या निषेधाच्या हक्काचा नाही, कॉलेजने आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतः काय केलं याचा आहे.

बदनामीच्या कायद्यात ‘प्रसिद्ध करणं’ या शब्दाचा अर्थ छापखान्यापुरता नाही. मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणं म्हणजे प्रसिद्ध करणं. लिहिणारा जबाबदार, तसाच पुढे देणारा. ‘मी लिहिलं नव्हतं, फक्त वाटलं’ हा बचाव होत नाही. फार तर वाटताना मजकूर काय आहे हे माहीत होतं का, तपासायला हवं होतं का, एवढं बघतात.

साक्षींत काय आलं? कॉलेजच्या विद्यार्थी विभागाच्या प्रमुख, डीन मेरेडिथ रायमोंडो, निदर्शनांच्या ठिकाणी होत्या आणि हातात भोंगा घेऊन बोलल्याही. एका स्थानिक पत्रकाराला त्यांनी पत्रकाची प्रत दिली. पत्रकं झेरॉक्स करायला कॉलेजच्या संगीत विभागातलं यंत्र वापरायची मुभा मिळाली. थंडीत उभ्या असलेल्यांना कॉलेजच्या इमारतीत बसायला जागा आणि खाणंपिणं मिळालं. कॉलेजचा बचाव असा होता की निदर्शनं शांततेत पार पडावीत म्हणून डीनने तिथे असणं हे त्यांचं कामच होतं, आणि मागणाऱ्याला एक प्रत देणं म्हणजे वाटप नव्हे.

यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर किरकोळ वाटते. पोरांना गरम चहा दिला म्हणून कोणी बदनामी करणारा ठरत नाही. पण ज्यूरीपुढे त्या सुट्या आल्या नाहीत, एका माळेत ओवून आल्या. आणि माळेच्या मध्यावर होती ती पदावरची व्यक्ती. विद्यार्थ्याने पत्रक दिलं तर घेणारा ‘पोरं आहेत’ म्हणतो. डीनने दिलं तर घेणारा समजतो की कॉलेजने चौकशी केली असेल.

इथे १९८२ चा एक निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. मिसिसिपीतल्या एका गावात १९६६ पासून कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. दुकानदारांनी चळवळीवर आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेवर दावा लावला, खालच्या न्यायालयात साडेबारा लाख डॉलरची भरपाईही मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. शांततेने केलेला बहिष्कार, त्यासाठी केलेली भाषणं, बहिष्कार मोडणाऱ्यांची नावं चर्चमध्ये वाचून दाखवणं, हे सगळं सुरक्षित. दुकानदाराचं त्यात नुकसान झालं तरी सुरक्षित. आणि संघटनेतल्या एखाद्याने मर्यादा ओलांडली म्हणून संघटनेला धरता येत नाही. संघटनेने ते करायला सांगितलं, परवानगी दिली किंवा नंतर उचलून धरलं, असं दाखवावं लागतं. त्या गावाचं नाव, योगायोगाचा दुसरा नमुना, पोर्ट गिब्सन.

हे दोन निकाल परस्परविरोधी आहेत असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मिसिसिपीत दुकानदारांची तक्रार बहिष्कार घातल्याची होती. ओबरलिनमध्ये तक्रार बहिष्काराच्या जोडीला सांगितलेल्या गोष्टी खोट्या असल्याची होती. ‘जाऊ नका’ म्हणायला पुरावा लागत नाही. ‘जाऊ नका, कारण तिथे असं असं घडतं’ म्हटलं की कारणाची जबाबदारी घ्यावी लागते.

खोटं होतं हे सिद्ध कसं झालं? ऑगस्ट २०१७ मध्ये तिन्ही विद्यार्थ्यांनी कोर्टात सौम्य गुन्हे कबूल केले, आणि दुकानदाराचं वागणं वंशभेदातून नव्हतं असं निवेदनही दिलं. म्हणजे ‘हल्ला’ कोलमडला. ‘जुन्या इतिहासा’बद्दल पोलिसांच्या नोंदी पुढे आल्या: मागच्या पाच वर्षांत त्या दुकानात चोरीवरून पकडलेल्या ४० प्रौढांपैकी ६ कृष्णवर्णीय, म्हणजे गावातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाइतकेच. हा आकडा मी जपून वापरीन. पकडलं कुणाला हे त्यातून कळतं, फडताळांमधून फिरताना नजर कुणावर ठेवली जात होती हे कळत नाही. आपल्याला वेगळं वागवलं गेलं असं सांगणारे लोकही त्या गावात होते. पण पत्रक ‘मला असा अनुभव आला’ म्हणत नव्हतं. स्वतःचा अनुभव खरेपणाने सांगणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही. पत्रकाने अनुभवाचा थेट इतिहास केला, आणि इतिहास म्हटला की कागद मागितले जातात.

काचेची पेटी

दुसरी वस्तू. १० नोव्हेंबरच्याच रात्री विद्यार्थी सिनेटने ठराव केला. पत्रकातलेच आरोप त्यात होते. तो कॉलेजभर ईमेलने गेला आणि विद्यार्थी केंद्रातल्या काचेच्या फलकपेटीत लावला गेला. तिथे तो सुमारे वर्षभर राहिला. त्या वर्षात विद्यार्थ्यांनी गुन्हा कबूल केला, निवेदनं दिली, तरी कागद जागचा हलला नाही.

न्यायालयाने हे कॉलेजच्या खात्यावर मांडलं. इमारत कॉलेजची, सिनेटला मान्यता कॉलेजची, मजकूर काय आहे हे अधिकाऱ्यांना माहीत, तरी तो ठेवला.

इथे माझी निकालाशी थोडी कुरकुर आहे. पत्रक हातात देणं ही कृती आहे. फलकावरचा कागद न काढणं ही अकृती. विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या संस्थेचा ठराव अधिकाऱ्याने उतरवला असता तर त्याच रात्री ‘आमचा आवाज दाबला’ अशी दुसरी निदर्शनं झाली असती, आणि तीही रास्त ठरली असती. खासगी कॉलेजला कायद्याने तो कागद काढता आला असता. सरकारी विद्यापीठाला काढताना पहिली घटनादुरुस्ती थेट आडवी आली असती, कारण तिथे कॉलेज म्हणजेच सरकार. या भागाचा आधार घेऊन उद्या एखादं कॉलेज भीतीपोटी सगळेच फलक कोरे करू शकतं. दावा लागला तरी सुरुवातीलाच फेटाळून घ्यायची वाट असती तर ही भीती कमी झाली असती. टीकाकारांना कोर्टाच्या खर्चाने जेरीस आणण्यासाठी लावलेले दावे लवकर निकालात काढण्याचा खास कायदा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आहे. ओहायोत तो तेव्हा नव्हता, २०२५ मध्ये आला.

बरं, मग करायचं काय होतं? काढणं आणि ठेवणं यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट होती: शेजारी दुसरा कागद लावणं. ‘हा ठराव विद्यार्थी सिनेटचा आहे, कॉलेजचा नाही. या प्रकरणाचा न्यायालयीन निकाल अमुक तारखेला लागला असून तो असा आहे.’ तीन ओळी. कॉलेजने त्याऐवजी ११ नोव्हेंबरला जे निवेदन काढलं त्यात हा एकच प्रसंग आहे की असं नेहमी घडतं हे शोधून काढू असं आश्वासन होतं. शोध लागायच्या आधीच, ‘नेहमी’ हा शब्द हवेत.

पावाची ऑर्डर

बेकरीचे डोनट आणि बेगल वर्षानुवर्षं कॉलेजच्या खानावळींत जात. निदर्शनांनंतर कॉलेजने ही ऑर्डर थांबवली, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती परत चालू केली, आणि दावा दाखल झाल्यावर पुन्हा बंद.

आपण कुणाकडून पाव घ्यायचा हे ठरवायला कोणाला कारण द्यावं लागत नाही. हा हक्कच आहे. मग गुंता कुठे? बेकरीचा व्यवहार थेट कॉलेजशी नव्हता, खानावळ चालवणाऱ्या कंत्राटदार कंपनीशी होता. दोघांच्या चालू व्यवहारात तिसऱ्याने अयोग्य कारणाने पाचर मारली तर तो स्वतंत्र दिवाणी दोष ठरतो. बदनामी झाली की नाही हा वेगळा मुद्दा. डीननी ऑर्डर तोडायला लावली ही पाचरच, असा कौल ज्यूरीने दिला. कॉलेज म्हणत होतं, खानावळ आमची, पैसे आमचे, आम्ही तिसरे कसे? मला हा बचाव अगदीच फोल वाटत नाही, पण ज्यूरीपुढे तोवर कॉलेजच्या अधिकाऱ्यांचे आपसातले ईमेल आणि मेसेज आले होते. कॉलेजवर टीका करणारं पत्र एका निवृत्त प्राध्यापकांनी वृत्तपत्रात छापून आणलं, तेव्हा डीननी शिवी हासडून लिहिलं होतं की हे सगळं मागे टाकायचं नसतं तर विद्यार्थ्यांना मोकळं सोडा म्हटलं असतं. वकिलांना आणखी काय हवं? ‘विद्यार्थी स्वतंत्र आहेत’ या बचावाला त्यांच्याच मेसेजने सुरुंग लागला.

आकड्यांचा जिना

बदनामीचा दावा लावायला ओहायोत मुदत एकच वर्ष. गिब्सन कुटुंबाने ७ नोव्हेंबर २०१७ ला दावा दाखल केला, वर्ष भरायला दोन-तीन दिवस असताना. खटला दिवाणी, म्हणजे तुरुंगाचा प्रश्न नाही, फक्त पैशांचा.

जून २०१९ मध्ये ज्यूरीने आधी नुकसानभरपाई ठरवली, सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर. आठवड्याभरात दंडात्मक भरपाई, सुमारे ३ कोटी ३२ लाख. एकूण ४ कोटी ४० लाखांच्या वर. ज्यूरीच्या या आकड्यांनी मथळे गाजवले, पण ते अखेरचे नव्हते. ओहायोचा कायदा ज्यूरीच्या उदारपणाला झाकण लावतो: दंडात्मक रक्कम मूळ भरपाईच्या दुपटीहून जास्त असू शकत नाही, आणि मनस्तापासारख्या न मोजता येणाऱ्या नुकसानीलाही कमाल मर्यादा आहे. न्यायाधीशांनी रक्कम अडीच कोटींच्या आसपास आणली. मग वकिलांच्या फीचे ६० लाखांहून अधिक त्यात पडले. कॉलेज अपिलात गेलं आणि तेवढी वर्षं व्याज चढत राहिलं. ३१ मार्च २०२२ ला अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, रक्कम पुन्हा वाढवून द्या ही गिब्सन यांची मागणीही फेटाळली. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, चार विरुद्ध तीन मतांनी.

दंडात्मक भरपाई समोरच्याला बोचावी म्हणून असते, त्यामुळे ती ठरवताना त्याचा खिसा बघितला जातो. कॉलेजकडे ८० कोटी डॉलरहून अधिक निधी होता. तरी ही रक्कम मला बेताल वाटते. एका बेकरीच्या अनेक पिढ्यांच्या कमाईशीही तिचं नातं लावणं अवघड जातं. दोष कॉलेजचा, हे मान्य करूनही असं म्हणता येतं. असले आकडे ऐकले की पुढच्या कॉलेजचे वकील डीनना पहिला सल्ला देणार, निदर्शनाच्या आसपास फिरकूच नका. म्हणजे पोरं रस्त्यावर, पोलीस समोर आणि मध्ये समजूत घालणारं वडीलधारं कोणी नाही. निकालात असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथे हजर राहणं दोषास्पद ठरलं नव्हतं. हातात पत्रक घेऊन हजर राहणं ठरलं.

पैसे हाती आले तोवर दावा लावणाऱ्या दोन पिढ्या गेल्या होत्या. मधल्या पिढीचे डेव्हिड गिब्सन निकालानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये कर्करोगाने वारले. त्यांचे वडील ॲलन गिब्सन फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, अपिलाचा निकाल लागायच्या जेमतेम महिनाभर आधी. कॉलेजने विम्यातून ही रक्कम सुटेल अशी आशा धरली होती. विमा कंपन्यांनी हात वर केले, आणि २०२३ मध्ये ओबरलिन कॉलेज पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढलं, या वेळी वादी म्हणून.